सोबतीला पुरा: एका परिचारिकेच्या पाचारणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या किनारपट्टीच्या एका तालुक्यातले. ओळख पटू नये म्हणून गावांची नावे गाळली आहेत, घरातले काही तपशील बदलले आहेत. बाईंची परवानगी घेऊनच लिहितो आहे. मसुदा त्यांनी वाचला आणि दोन ठिकाणी ‘सर, एवढं चांगलं नका लिहू’ म्हणत मजकूर काढायला लावला. तो काढला आहे. शीर्षकातला ‘पुरा’ म्हणजे बायबलमधल्या एका सेवकाचे नाव; तो पुढे भेटेल.

मी इथल्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, एक पंच, निवृत्त शिक्षक. सिस्टर, म्हणजे या प्रकरणातल्या परिचारिका, माझ्या शाळेतल्या विद्यार्थिनी. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्याकडे तीन मंडळ्या आहेत, महिन्यातून दोनच रविवार ते आमच्याकडे असतात, त्यामुळे मधल्या दिवसांत लोक पंचांकडे येऊन बसतात. बहुतेक वेळा विषय जमिनीचा नाहीतर लग्नाचा असतो. ‘देवाने मला पाचारण केले आहे, पण धाडस होत नाही’ असे म्हणत येणारे विरळाच. म्हणून पाळकसाहेबांनी इतर मंडळ्यांच्या पंचांसाठी हे लिहून द्यायला सांगितले.

डिस्चार्ज कार्डानंतर

माझ्याकडे आल्या तेव्हा सिस्टर बावन्न वर्षांच्या. ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका, नोकरीची सत्तावीस वर्षे झालेली. यजमान एसटीत चालक, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मुलगा पुण्यात डिप्लोमाला, त्याच्या शिक्षणाचे कर्ज चालू. घरात सासूबाई. ख्रिस्ती घराण्याची ही तिसरी पिढी. आजी वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करायची आणि तिच्या गोष्टी घरात नाताळला हमखास निघतात.

सुरुवात झाली होती ती त्याआधी तीन वर्षे, पक्षाघात झालेल्या एका म्हाताऱ्या बाईपासून. रुग्णालयाने तिला घरी सोडले. मुलगे दोन, एक नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला. त्यांनी मिळाली तेवढी रजा काढली, शेजारणीच्या हातात पैसे ठेवले आणि गेले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. रत्नागिरीचीही घटली, आणि तिथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. कमावता माणूस मुंबईला आणि म्हातारी गावात, असा हा हिशेब आहे. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात. मधल्या दिवसांत अंथरुणावरच्या माणसाला शेजार सांभाळतो, जमेल तसा.

काही आठवड्यांनी ड्युटीवरून परतताना सिस्टर सहज त्या घरी डोकावल्या. माकडहाडापाशी शय्याव्रण झाला होता, आत हाड दिसण्याइतका खोल. औषध घरात होते. नव्हते ते दर दोन तासांनी कूस बदलणारे हात. सिस्टरांनी जखम धुतली, चादर बदलली, पेज भरवली. निघताना म्हातारी म्हणाली, ‘बाय, तू गेलंस काय माका रात खावक येता.’

पुढच्याच रविवारी उपासनेत मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचला गेला: मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. सिस्टर सांगतात, त्या दिवशी पुढचे प्रवचन त्यांना ऐकूच आले नाही. नोकरी सोडायची आणि वाड्यावाड्यांतल्या अशा खाटांपाशी जायचे, हे त्यांना बाकावर बसल्या बसल्या कळले होते.

त्यानंतर तीन वर्षे काहीही झाले नाही.

खुणा गोळा करण्याची तीन वर्षे

‘काहीही’ म्हणजे कृती काही नाही. बाकी पुष्कळ झाले. सिस्टर उपवास-प्रार्थनांना बसल्या. वार्षिक कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला, गेल्या, तिथे वक्त्याने ‘इथे कोणाला तरी देव नोकरीतून बाहेर बोलावतो आहे’ म्हटल्यावर रडल्या आणि घरी येऊन पुन्हा रात्रपाळीला गेल्या. एका वहीत त्यांनी वचने उतरवली होती, तारखेसह. वही माझ्यापुढे ठेवली तेव्हा ती भरत आली होती. मधल्या काळात ती म्हातारी वारली. सिस्टर अंत्ययात्रेला गेल्या नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणे.

वही चाळून मी विचारले, ‘समज, उद्या पहाटे देवाने नाव घेऊन, स्पष्ट आवाजात सांगितलं की जा. कुठे जाशील?’

सिस्टर क्षणभरही विचार न करता म्हणाल्या, ‘खालच्या वाडीत. तिथे एक काका आहेत, कॅथेटर घालून घरी पाठवलंय, महिना झाला कोणी बदलला नाही.’

पत्ता ठाऊक होता, माणूस ठाऊक होता, काम ठाऊक होते. पाचारण अस्पष्ट असते तर उत्तर असे आले नसते. या प्रकरणात माझे पहिले मत इथेच बनले आणि नंतर बदलावे लागले नाही: खूण मागणे हे इथे दिरंगाईचे सोवळे रूप झाले होते. उघड उघड ‘मला भीती वाटते’ म्हणायला मंडळीत संकोच वाटतो. ‘मी प्रभूच्या उत्तराची वाट पाहत आहे’ म्हटले की सगळे मान डोलावतात आणि चहा येतो.

या बाबतीत आपण गिदोनाचे नाव फार सोयीने घेतो. जुन्या करारातला हा माणूस, देवाने इस्राएलाला शत्रूपासून सोडवायला बोलावलेला. रात्री अंगणात ठेवलेली लोकर दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी, अशी खूण त्याने मागितली हे खरे. पण शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती गोष्ट कुठे येते ते पाहावे. आधी पाचारण होते. मग त्याच रात्री बापाने बांधलेली बआल या परक्या दैवताची वेदी मोडायची आज्ञा होते आणि गिदोन ती पाळतो. दहा चाकर बरोबर घेऊन, अंधारात, कारण दिवसा करायला तो घराण्याला आणि गावाला भीत होता. मजकुरात हे स्पष्ट लिहिले आहे आणि रात्री का गेलास म्हणून देव त्याला एका शब्दाने बोलत नाही. लोकर येते ती नंतर. आपले लोक लोकरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच ती वाळत घालतात.

हे मी सिस्टरांना सांगितले तेव्हा त्या थोड्या रागावल्या. रागावणे चांगले लक्षण होते.

भीती कशाची

पहिल्या बैठकीत भीती पैशाची निघाली. यजमानांचे म्हणणे साधे होते: ‘देव सांगतो म्हणून राजीनामा देशील, पण बँकेचा हप्ता देव भरणार काय?’ आमच्या महिला मंडळातल्या एकदोघींना हे अविश्वासाचे बोलणे वाटले. मला नाही वाटले. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा हे लूकच्या चौदाव्या अध्यायात खुद्द येशूच सांगतो. मी यजमानांना म्हटले, हिशेब तुम्हीच करून आणा. ते खरोखर वहीत करून घेऊन आले. वीस वर्षांची सेवा झालेली असल्यामुळे तीन महिन्यांची नोटीस देऊन सिस्टरांना स्वेच्छानिवृत्ती घेता येत होती, पेन्शन बसणार होते, पण अठ्ठावन्नपर्यंत थांबल्यावर बसेल त्यापेक्षा कमी. मुलाचे कर्ज फिटेपर्यंत ओढाताण होणार होती. अशक्य नव्हते. हिशेब कागदावर आल्यावर पैशाची भीती निम्म्याने उतरली, कारण तोवर ती अंकात कोणी मांडलीच नव्हती.

दुसरी भीती लोकांची. ख्रिस्ती बाई हिंदू वाडीत रोज एका आजाऱ्याच्या घरी जाते, म्हणजे बाटवायला जात असणार. हे कोणीतरी म्हणणारच, याची सिस्टरांना खात्री होती. सत्तावीस वर्षे पांढऱ्या गणवेशात त्याच माणसांना इंजेक्शने दिली तेव्हा कोणी धर्म विचारला नव्हता. गणवेश काढून गेले की विचारतील. ही भीती काल्पनिक नाही. ‘विश्वास ठेव, काही होणार नाही’ असले उत्तर कोणी पंचाने देऊ नये. होते.

आणि आपल्याच मंडळीची भीती. ‘ही कोण मोठी मदर तेरेसा लागून गेली?’ असे वाक्य त्यांनी आधीच मनात ऐकून ठेवले होते. कोणत्या बाईच्या तोंडून, तेही.

पण या तिन्हींच्या खाली आणखी एक होती. ती निघायला वेळ लागला. निघाली तीही प्रार्थनेच्या वेळी नव्हे. आमच्या पडवीत फणस कापत बसलो असताना. सिस्टर म्हणाल्या, ‘सर, वॉर्डात पेशंट गेला तरी आपण सगळं केलेलं असतं. डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो, रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. सकाळी आठला दुसरी येते. घरी काय? मी जाईन, आणि माझ्यासमोर माणूस कण्हत राहील, आणि माझ्या हातात कापूस.’

निपुण माणसाची भीती ही अशी असते. नवशिक्याला आपल्याला येत नाही याची भीती वाटते, सिस्टरांना आपल्याला जे येते ते तिथे पुरणार नाही याची वाटत होती. कॅन्सरच्या वेदनेला मॉर्फिन लागते. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराच्या परवान्यांची कटकट कमी झाली, पण डोंगरउतारावरच्या वाडीतल्या खाटेपर्यंत ती गोळी आपोआप चालत येत नाही. सिस्टरांना हे माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. ‘मी बोलायला अशक्त आहे, जिभेचा जड आहे,’ असे, देव मिसरात पाठवू लागल्यावर, मोशे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसावा असे मला नेहमी वाटते. देवही त्याची जीभ बदलत नाही, त्याचा भाऊ अहरोन याला जोडीला देतो.

दोन चित्रे

दोन गोष्टी तपासायच्या होत्या. एक, हे पाचारण आहे की पळवाट? त्या सुमारास सिस्टरांच्या बदलीची चर्चा होती आणि वॉर्डातही वरिष्ठांशी कुरबुर चालू होती. नोकरी नकोशी झालेल्या माणसाला देवाची हाक फार चटकन ऐकू येते, हे मी शिक्षकांतही पाहिले आहे. त्यामुळे आम्ही ठरवले की बदलीचा निकाल लागेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढायचा नाही. बदली त्या वर्षापुरती टळली, कुरबुरही मिटली, वॉर्डात दिवस बरे जाऊ लागले. ओढ होती तिथेच राहिली.

दुसरी तपासणी मी इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताकडून, जेझुइट संघाच्या संस्थापकाकडून, घेतली. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत हे नाव फारसे घेत नाहीत. एका पंचाने भुवया उंचावल्याही. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून हा शिपाईगडी अंथरुणावर पडला. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्ने रंगवायचा: दरबारी पराक्रमाची, आणि संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडायचे, दुसऱ्यानंतर प्रसन्न राहायचे. हा फरक लक्षात येणे ही त्याच्या पुढच्या सगळ्या शिकवणीची सुरुवात झाली.

सिस्टरांना मी म्हटले, तुझ्या मनात या कामाचे जे चित्र येते ते सांग. चित्रे दोन निघाली. एकात रस्त्यालगतची खोली होती, बाहेर पाटी, उद्घाटनाला बिशप आणि आमदार, आत सहा खाटा. दुसऱ्यात पाटी नव्हती. खालच्या वाडीतल्या काकांची लघवीची पिशवी होती आणि ती बदलणाऱ्या त्या स्वतः. पंधरा दिवस दोन्ही चित्रांनंतर मन कसे राहते ते पाहायला सांगितले. परत आल्या आणि म्हणाल्या, ‘पाटीचं चित्र आलं की अंगात वारं भरतं, रात्री झोप लागत नाही, आणि सकाळी सगळ्यांवर चिडचिड. काकांचं आलं की आधी पोटात गोळा येतो. पण मग शांत वाटतं. पोळ्या लाटता लाटता शांत.’

यावरून निष्कर्ष काढायला फार अध्यात्म लागत नाही. पाटी बाजूला ठेवली. नोकरी न सोडता आधी एका माणसापासून सुरुवात कर, असे मी सुचवले.

इथे सिस्टरांनी एक रास्त शंका काढली. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, संन्यासी वृत्तीने ख्रिस्ताच्या अनुयायांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांनी कुठे आधी एका माणसापासून सुरुवात केली? मग मीच का नोकरी धरून बसू? टिळक आपल्या कोकणातले, करजगावचे, म्हणून हे उदाहरण आमच्याकडे पटकन पुढे येते. पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पगार सोडला तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि बावीस वर्षांची सेवा पाठीशी होती. ती उडी आपल्याला उडी दिसते कारण मधली वर्षे आपण वाचत नाही. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांसाठी हॉस्पिस, म्हणजे शुश्रूषागृह, उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांचेही तेच. लंडनमध्ये परिचारिका, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, मग रुग्णालयात समाजसेविका. १९४८ मध्ये डेव्हिड तस्मा नावाचा एक निर्वासित रुग्ण मरताना त्यांना ५०० पौंड देऊन गेला, त्यांच्या होणाऱ्या घरातल्या एका खिडकीसाठी. साँडर्स त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाला बसल्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले ते १९६७ मध्ये. हाक आणि इमारत यांत एकोणीस वर्षे, आणि त्यांतला एकही दिवस वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. सिस्टरांची तीन वर्षे वेगळी होती, कारण त्यांत एकही पिशवी बदलली गेली नव्हती. हे मी त्यांना तोंडावर सांगितले.

छावणीकडे उतरताना

गिदोनाच्या गोष्टीतला एक माणूस प्रवचनात सहसा येत नाही. सातव्या अध्यायात, लढाईच्या आदल्या रात्री देव म्हणतो, शत्रूच्या छावणीवर उतर. आणि उतरायला भीत असशील तर आपला सेवक पुरा याला बरोबर घेऊन जा. गिदोन पुराला घेऊन जातो. म्हणजे भीती वाटत होती! आणि देवाने ती धरूनच सोय केली होती. मला या प्रकरणाची किल्ली इथे सापडली. सिस्टरांना आणखी एक खूण नको होती, एक पुरा हवा होता.

पंचांच्या सभेत विषय ठेवला. चर्चा नेहमीच्या वळणाने ‘हे खरोखर देवाचे पाचारण आहे का’ इकडे निघाली. पाळकसाहेबांनी ती थांबवली. बायबलात अंत्युखिया शहरातल्या मंडळीने बर्णबा आणि शौल या दोघांवर हात ठेवून त्यांना सेवेला पाठवले तेव्हा पाठवणारेही उपास करत होते, एवढेच ते म्हणाले आणि विचारले, ‘यातले आपण काय उचलणार?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खजिनदाराने रिक्षाभाडे म्हटले. एकाने हवेची गादी म्हटली. आणि बाहेर पंचांसाठी चहा करत असलेली आमच्यातलीच एक विधवा बाई, जिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी होता, दारातून म्हणाली, ‘मी जातंय तिच्यावांगडा. माका सुया टोचूक येत नाय, पण पेज येता.’

पुरा मिळाला होता.

त्यानंतरची तयारी सांगण्यासारखी आहे, कारण धाडसाचा बराच भाग त्यात होता. सिस्टरांनी आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितले. लपवून करायचे नाही हे ठरले होते. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय घरी सलाईन नाही, इंजेक्शन नाही. वाडीत प्रथम जायचे ते आशाताईंबरोबर. रुग्णाच्या मुलांशी आधी व्हिडिओ कॉलवर बोलायचे. पत्रक नाही, भेटवस्तू नाही, पैशाची देवघेव नाही. कोणी मागितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना नाही. या शेवटच्या नियमावर मंडळीत वाद झाला. साक्ष द्यायची नाही तर जायचे कशाला, असे एका तरुणाचे म्हणणे. सिस्टर म्हणाल्या, पाठ धुताना मी मनात प्रार्थना करतेच, त्या माणसाला ती ऐकवायची गरज नाही. माझे मत सिस्टरांच्या बाजूचे आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे प्रवचन करण्यात कसले धाडस?

साप्ताहिक सुट्टी ज्या वारी पडेल त्या दिवशी जायचे ठरले. राजीनामा नाही, स्वेच्छानिवृत्ती नाही. पहिला दिवस उजाडला तेव्हा सिस्टरांचे पोट बिघडले होते. जाऊ नये असे वाटत होते. रिक्षा दारात, आणि पेजेचा डबा मांडीवर घेऊन ती विधवा बाई आत बसलेली, म्हणून गेल्या. धाडस एवढ्यावरच होते. मी ते कमी मानत नाही.

कामाने घेतलेले वळण

दोन महिन्यांत एक गोष्ट उघड झाली. आठवड्यातून एकदा येणारी परिचारिका, कितीही निष्णात असो, शय्याव्रण बरा करू शकत नाही. कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. ते सुनेने, शेजारणीने, नातवाने करायचे. सिस्टर हळूहळू करण्याऐवजी शिकवू लागल्या: चादर सरकवून एकटीने माणूस कसा वळवावा, घोट्याखाली उशी कुठे ठेवावी, तोंड कसे पुसावे, भरवताना डोके किती वर घ्यावे म्हणजे ठसका लागणार नाही. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांवर उभी राहिलेली उपशामक सेवा, म्हणजे गंभीर आजाऱ्याचा त्रास हलका करणारी सेवा, याच तत्त्वावर चालते, हे त्यांना नंतर कळले.

हे लक्षात घ्यावे. तीन वर्षांच्या प्रार्थनेत जे चित्र होते त्यात सिस्टर स्वतः मधोमध होत्या. काम सुरू झाल्यावर त्या बाजूला आल्या. पाचारणाचा हा भाग वहीत कितीही वचने उतरवून कळला नसता, तो खाटेपाशीच कळायचा होता. फणसाच्या वेळी निघालेल्या भीतीचे उत्तरही इथे मिळाले, अर्धेमुर्धे. माणूस समोर कण्हत राहिला असे घडले, एकापेक्षा अधिक वेळा. हातात कापूसच होता. सिस्टर बसून राहिल्या. एका घरी त्या रडल्या आणि रुग्णाच्या सुनेने त्यांना पाणी दिले.

एक वाडी बंद

अपेक्षेप्रमाणे गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरला. सिस्टर आणि ती विधवा बाई एका घराच्या खळ्यात उभ्या, खाली मजकूर असा की वाचणाऱ्याला संशय यावा. वाडीतल्या लोकांनी बैठक बोलावली आणि सिस्टरांना यायला सांगितले. त्या गेल्या, बरोबर विधवा बाई, आशाताई आणि, कोणी सांगितले नसताना, यजमान. एसटीचा चालक म्हणून त्यांना तिथले निम्मे लोक नावाने ओळखत होते. बैठक दोन तास चालली. काही जण बाजूने बोलले, ज्यांच्या घरी त्या जात होत्या ते तर ठामपणे. तरी शेवटी ‘सध्या नको’ असे ठरले.

सिस्टर थांबल्या. त्या वाडीत जाणे बंद केले, बाकीच्या तीन वाड्यांत चालू ठेवले. मंडळीत याला काहींनी भित्रेपणा म्हटले. मला ते पटत नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात जा, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना सांगितलेले आहे. आणि व्यवहाराने पाहिले तरी, हट्टाने गेल्यावर भांडण झाले असते ते त्या अंथरुणावरच्या माणसाच्या दारात. त्याची कूस बदलायला सुनेला शिकवून झाले होते. ती ते करते आहे असे आशाताई सांगतात. बंद झालेल्या वाडीतल्या एका माणसाने पुढे रुग्णालयात येऊन सिस्टरांना बाजूला घेतले आणि आपल्या आईच्या जखमेचा फोटो मोबाइलवर दाखवला. सिस्टरांनी तिथेच उभ्या उभ्या काय करायचे ते सांगितले. यातून बंदी उठली वगैरे काही नाही.

आजची स्थिती

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरलेला आहे, दिलेला नाही. यजमान निवृत्त झाले की मुलाच्या कर्जाचे काय राहते ते पाहून पती-पत्नी ठरवणार आहेत. बदलीचा प्रश्न पुन्हा उभा आहे आणि या वेळी टळेल असे दिसत नाही. सिस्टर अजून घाबरतात. नव्या घरी जायच्या आदल्या रात्री झोप येत नाही, असे त्या मसुदा वाचतानाच म्हणाल्या.

खरी घडामोड वेगळीकडे आहे. सिस्टरांची ड्युटी असते तेव्हाही ती विधवा बाई आशाताईंबरोबर वाड्यांवर जाऊ लागली आहे. पेज तर नेतेच, पण आता तिला कॅथेटरची काळजी घ्यायलाही शिकायचे आहे. सिस्टर नाही म्हणतात. रीतसर प्रशिक्षणाशिवाय त्याला हात लावायचा नाही, जंतुसंसर्ग झाला तर जबाबदार कोण? ती म्हणते, मग माका धाडा खंय ता प्रशिक्षणाक. दोघींचे यावरून जोरदार वाजले, माझ्यासमोर. बाई सातवी शिकलेली, वय सत्तेचाळीस. गृहशुश्रूषेच्या कोर्सला शिक्षणाची अट काय असते ते पाळकसाहेब चौकशी करत आहेत. फी मंडळीने भरावी असा ठराव मी मांडणार आहे, खजिनदारांचा त्याला विरोध आहे आणि विषय पावसाळ्यानंतरच्या सभेपुढे ठेवला आहे.